कागदावर मी होते

यशूचं जावळ राहिलं होतं. चौदा महिन्यांची झाली तरी. आमच्या निपाणीकडं वर्षाच्या आत काढतात, म्हणून आई दर फोनला टोमणा मारायची, "काय गं अश्लेषा, बेंगळुरात न्हावी मिळत नाहीत होय?" मी ह्यांना सांगायची. हे म्हणायचे, "बघू की." आणि मग त्या रविवारी सकाळी चहा पिता पिता हे आपण होऊन म्हणाले, "आज घाटी सुब्रमण्याच्या देवळाला जाऊ. तिथं जावळ काढू. भाड्याची गाडी घेतो, आपली आपणच चालवायची. बसच्या गर्दीत पोरीला कशाला न्यायची?"

मी लगेच तयारीला लागले. पाणी उकळून गार केलं. पेज केली, टोपी घेतली, दोन दुपटी जास्तीची, तापाचं औषध, उलटीचं औषध. मला प्रत्येक गोष्टीत आधी वाईट दिसतं, त्याला मी काय करू? येलहंक्याच्या आमच्या खोलीला कुलूप लावताना शेजारच्या रत्नाबाई दारात आल्या. चाळीस वर्षं इथं राहिलेल्या, अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलतात. "गाडीनं काय? सरी, सरी! राणीचा थाट आहे बाई एकीचा." मी हसले. खरं सांगते, त्या दिवशी सकाळी मी सुखात होते.

ह्यांच्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. योगीराज सहा वर्षं मस्कतला होते, एका कंपनीची पिकअप चालवायला. तिथं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवतात, स्टेअरिंग डावीकडं असतं. यशू पोटात असताना कायमचे परत आले. इथलं लायसन तोवर केव्हाच संपलेलं, आणि तिकडचं इथं चालत नाही. नवीन काढायचं तर पहिल्यापासून परीक्षा. "सहा वर्षं परमुलखात गाडी हाकली, आता आरटीओसमोर आठचा आकडा काढून दाखवू होय?" असं म्हणून ते गेलेच नाहीत. त्याऐवजी त्यांनी मला ड्रायव्हिंग स्कूलला घातलं. यशू पाच महिन्यांची होती. तिला रत्नाबाईंकडं ठेवून मी रोज सकाळी जायची. नियमांचं पुस्तक मी पोथीसारखं पाठ केलं. वळताना आधी कुठं बघायचं, मागं बसणाऱ्यानंसुद्धा पट्टा कसा लावायचा, पिवळी रेघ, पांढरी रेघ... सगळं. पहिल्या फटक्यात पास झाले. कार्ड पोस्टानं आलं त्या दिवशी ह्यांनी पेढे आणले. सातवी शिकलेली मी, आमच्या सगळ्या घराण्यात लायसन काढलेली पहिली बाई.

कार्ड मात्र त्यांनीच ठेवून घेतलं. "हरवशील. मी सांभाळतो." त्यानंतर स्टेअरिंगला हात लावायची वेळ त्या रविवारपर्यंत माझ्यावर आली नाही.

हे देवनहळ्ळीजवळ एका गोदामात कामाला होते. म्हणजे मला तसं सांगितलेलं होतं.

आणि एक. कामाला निघताना महिन्यातून एक-दोनदा हे माझा फोटो काढायचे. मी ओट्यापाशी असायची, कडेवर यशू, एका हातात लाटणं. "इकडं बघ. दोनदा पापणी मिट. आता मान डावीकडं. आता उजवीकडं." मी लाजायची. "काय हो, गालाला पीठ लागलंय." हे म्हणायचे, "असू दे, तसंच पाहिजे." मला वाटायचं, दिवसभर बघायला नेतात.

*

गाड्यांचं आवार विमानतळाच्या रस्त्याला, उड्डाणपुलाच्या सावलीत होतं. काळ्या पाट्या, पिवळी अक्षरं, अशा वीसेक गाड्या ओळीनं उभ्या. रिक्षातून उतरताना हे हळूच म्हणाले, "आत गेल्यावर फार बोलू नको. नुसतं तोंड दाखव. चालवणारी तू आहेस म्हण."

"मी? चालवणार तर तुम्ही ना?"

"हो गं. कागद वेगळा, रस्ता वेगळा."

आत शिवाप्पा नावाचा माणूस बसला होता. पन्नाशीचा, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे. मला बघितलं आणि हात जोडून उठला. "बन्नी अक्का, बन्नी! इतके दिवस फोटोत बघतोय, आज प्रत्यक्ष." आम्ही सीमेवरची माणसं, कन्नड मला चांगलं येतं. तो पुढं म्हणाला, "राग मानू नका, तुम्हाला मुद्दाम बोलावलं. मागच्या वेळी आरसा मोडून आणलात, पुढचा दिवा फुटलेला. मालक म्हणाले, ह्या लायसनवर ड्रायव्हर स्वतः आल्याशिवाय गाडी सोडायची नाही."

"मागच्या वेळी?" मी म्हणाले.

"अकरा वेळा नेलीत की, अक्का. ॲपवर तुमचा ताजा फोटो आला की गाडी सुटते. हे काय." त्यानं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवला.

अकरा फोटो होते. सगळे माझे. गालाला पीठ लागलेला. केस ओले असलेला. एकात यशूचा हात माझ्या तोंडावर आलेला. प्रत्येकाखाली तारीख, वेळ, आणि कन्नडात लिहिलेलं: चालक, अश्लेषा.

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे गाडीच्या टायरकडं बघत होते. मयताला गेलेली माणसं जमिनीकडं बघतात, तसं.

मी सही केली. का केली म्हणून मला पुढं सगळ्यांनी विचारलं, पोलिसांनी, वकिलांनी, आईनं. परक्या माणसासमोर नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? आमच्यात तसं करत नाहीत. घरी गेल्यावर बोलू म्हणतात. मी सही केली, आणि शिवाप्पानं किल्ली माझ्या हातात ठेवली. "गाडी तीच दिलीय, तुमच्या सवयीची. आरसा नवा बसवलाय. स्वल्प वास येतो आत, तेवढं सांभाळून घ्या. तीनदा धुतली. ओल्या सिमेंटचा वास गाडीत कुठून येतो, देवाला माहीत."

*

कोपऱ्यापर्यंत गाडी मी नेली, तेवढीच. तिथं आम्ही जागा बदलल्या. मी यशूला घेऊन मागं डावीकडं बसले, हे चालवायला. राजानुकुंटेचं रेल्वे फाटक आलं. मी म्हणाले, "गोदाम नाही ना?"

"नाही." त्यांनी आरशातून सुद्धा बघितलं नाही. "विमानतळाच्या पार्ट्या मारतो. सोडायचं, आणायचं. ह्या गाड्यांवर पॅसेंजर घ्यायला परवानगी नसते, म्हणून बोललो नाही."

"आणि माझं लायसन, माझे फोटो?"

"घरच्या घरी तर आहे. तू वेगळी, मी वेगळा काय?"

"मला सांगायचं होतं तुम्ही."

"सांगितलं असतं तर झोपली असतीस का? गॅस बंद केलाय का ते चारदा उठून बघतीस तू."

ते हसले. मला काही हसू आलं नाही. अकरा फोटो डोळ्यांसमोरून हलत नव्हते. मी लाजले होते त्या फोटोंत. लाजलेली दिसत होते.

तेवढ्यात आवाज आला. टिंग.

फार मोठा नाही. देवघरातली लहान घंटा एकदाच वाजावी, तसा. मग पुन्हा. टिंग... टिंग... समोरच्या काचेखाली लाल दिवा लागला होता, सीटवर बसलेल्या माणसाचं चित्र. मला ते पुस्तकातून माहीत होतं. मागं बसलेल्यानं पट्टा लावला नाही की ही गाडी सांगते.

"लाव की पट्टा," हे म्हणाले.

"लावलाय मी."

"मग तिथं पिशवी ठेवली असशील. वजन पडलं तरी वाजतंय."

पिशवी माझ्या पायाशी होती. माझ्या शेजारची, ह्यांच्या मागची सीट रिकामी होती. बाहेर अकराचं लख्ख ऊन, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव, आणि आत... टिंग... टिंग. यशूनं खेळ थांबवला. ती त्या रिकाम्या सीटकडं बघायला लागली. रडली नाही, हसली नाही. नवीन माणूस घरात आलं की ती जशी आधी निरखून घेते, तशी वरपासून खालपर्यंत बघत राहिली.

"बंद कर गं तो आवाज! नुसता पट्टा अडकव."

मी हात लांब करून पट्टा ओढला आणि खाचेत अडकवला. आवाज थांबला, दिवा विझला.

रिकाम्या सीटवर पट्टा लावला की तो सीटला चिकटून, सपाट बसतो. हा बसला नाही. सीटपासून वीतभर पुढं, तिरका, ताणलेला राहिला. हवेत. मध्ये काही नव्हतं, आणि पट्टा ज्याच्यावरून जायला पाहिजे त्याच्यावरून जात होता. थोड्या वेळानं मला दिसलं, की तो अगदी हळूहळू पुढं येतोय आणि मागं जातोय. श्वास घेतल्यासारखा.

"अहो..." माझ्या तोंडातून एवढंच आलं.

"आता काय?"

काय सांगू? एसी चालू होता, तरी वास वाढला. ओलं सिमेंट, आणि त्याखाली पेरूचा गोडसर वास. यशूनं हात लांब केला आणि पट्ट्याच्या आतल्या रिकाम्या जागेत, कुणाच्या तरी पोटावर थापट्या माराव्यात तसा हात मारला. तिचा हात पूर्ण आत गेला नाही. मध्येच अडला.

मी तिला ओढून छातीशी धरलं. "गाडी थांबवा."

"वेड लागलंय का? मागं लॉरी आहे."

"थांबवा म्हणते ना!"

ते चिडले. पुढं रस्ता जरा रुंद झाला, तिथं त्यांनी गाडी फर्रकन वळवली. "चल, घरीच जाऊ! नको जावळ, नको काही." आणि वळवून ते सरळ उजव्या बाजूला शिरले. उजव्या बाजूला! समोरून येणाऱ्या गाड्यांच्या तोंडात. मस्कतचा हात. रिकामा रस्ता दिसला की तो हात आपोआप तिकडं जायचा. "डावीकडून! अहो डावीकडून!" मी किंचाळले. समोरून बस कर्कश हॉर्न वाजवत आली. ह्यांनी कशीबशी गाडी कडेच्या मातीत घातली आणि ब्रेक मारला. धूळ उठली. धुळीत काही दिसेना.

त्या धुळीत, माझ्या शेजारी, पट्टा खटकन सुटला.

मी हात लावला नव्हता. तो सुटला आणि सावकाश, नीट, आपल्या जागी गुंडाळत गेला. सीटवरचा दाब उठताना रेक्झिन फुगतं, तसं ते फुगलं. लाल दिवा पुन्हा लागला नाही.

हे स्टेअरिंग घट्ट धरून बसले होते. कानामागून घाम गळत होता. "इथं नाही..." ते पुटपुटले. "इथंच कशाला..."

"इथं काय?"

"काही नाही."

*

धूळ बसली तेव्हा दिसलं, कडेला एक फळांची टोपली होती, वर काळी छत्री उघडून बांधलेली. छत्रीखालून एक म्हातारी धावत आली. ह्यांच्याकडं नाही. माझ्या काचेवर तिनं दोन्ही हात आपटले.

"आलीस व्हय गं माय! मी म्हणतच होत्ये, येणार ही. लेकरू पण आणलीस बघ!"

मी यशूला घेऊन उतरले. त्या गाडीत मला क्षणभरही बसवत नव्हतं. म्हातारीचं नाव तानूबाई. विजापूरकडची, पेरू आणि द्राक्षं विकायला बसते. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, ओळखीचा. मी म्हणाले, "मावशी, तुम्ही दुसरंच कुणीतरी समजताय. मी इथं पहिल्यांदाच आले."

"अस्सं?" तिचा हात थांबला. "दोन महिन्यांत विसरलीस? मी नाही बाई विसरले."

मग तिनं सांगितलं. तो गुरुवार होता. दुपारचे तीन. पलीकडच्या नव्या बांधकामावर पुल्लम्मा नावाची बाई सिमेंट कालवायला असायची. अनंतपूरची, तेलुगू. तुझ्याच वयाची, म्हणाली. दीड वर्षाचं मूल आईकडं टाकून इथं कामाला आलेली. त्या दिवशी तिनं दोन पेरू घेतले आणि रस्ता ओलांडायला लागली.

"नीट बघून चालली होती गं. उजवीकडं बघत. गाड्या तिकडनंच येतात की. ही गाडी आली डावीकडनं. उलटी. तिनं बघितलीच नाही."

ती बरोबर बाजूला बघत होती. हे वाक्य माझ्या डोक्यात अजून तसंच आहे. ती बरोबर बाजूला बघत होती.

"आणि मग तू उतरलीस," तानूबाई म्हणाली.

"मी?"

"तूच. ह्याच तोंडाची. गालाला पांढरं काहीतरी लागलेलं, पिठासारखं. तिचं डोकं मांडीवर घेतलीस. ओंजळीनं पाणी पाजलीस. ती तेलुगूत काहीतरी पुटपुटत होती, लेकराचं. तू पण तिच्याशी तेलुगूतच बोललीस. शेवटपर्यंत बसलीस. मग माझ्याकडं बघून म्हणालीस, मावशी, माझं लेकरू घरात निजलंय, आज जाऊ दे. गाडीचा नंबर सांगू नका. मी येते परत, लेकराला घेऊन येते. आई माणूस, म्हणून मी ऐकलं. पोलीस आले, त्यांना म्हणाले, मी वजन करत होत्ये, काही बघितलं नाही. दोन महिने ते खोटं गिळून बसल्ये मी."

मी ह्यांच्याकडं बोट केलं. हे गाडीला टेकून उभे होते. "मावशी, चालवणारे हे होते. नीट बघा. ह्यांना बघितलं होतं ना तुम्ही?"

तानूबाईनं डोळ्यावर हात धरून बराच वेळ बघितलं. "ह्याला मी आजच बघाल्ये. गाडीत तू एकटीच होतीस."

*

त्यांनी मला दंडाला धरून गाडीच्या मागं नेलं. आवाज इतका खाली, की शेजारून लॉरी गेली की ऐकू यायचा नाही.

"मी थांबलोच नाही, अश्लेषा. देवाशपथ. कुणी उतरलं नाही. मी सरळ गेलो."

"मग ती कुणाबद्दल बोलतेय?"

"मला काय माहीत..." त्यांच्या ओठांवर पांढरी साय धरली होती. "आरशात एकदा बघितलं. ती पडलेली होती. जवळ कोणतरी बाई बसली होती, माझ्याकडं पाठ करून. मला वाटलं, फळवाली असेल."

"तुम्ही माणूस मारलंत आणि घरी येऊन जेवलात. त्या गुरुवारी. मी मेथी केली होती."

त्यावर त्यांचा चेहरा बदलला. हिशेब जुळलेल्या माणसाचा झाला. ते म्हणाले, "हे बघ. कागदावर तू. ही म्हणते, तू. म्हणजे आता तूच आहेस. गप गाडीत बस, पोरीला घे, जाऊ. कोण कशाला विचारतंय?"

इथून पुढं मी त्याला 'हे' म्हणणार नाही.

मला एवढंच दिसत होतं: गाडीत बसायचं, म्हणजे यशूला पुन्हा त्या सीटच्या शेजारी बसवायचं. आणि बोलायचं, म्हणजे गुन्हा माझ्या नावावर लिहिला जाणार, मी आत जाणार, आणि यशू ह्या माणसाच्या हातात राहणार. मी मुकाट्यानं तानूबाईच्या टोपलीशी जाऊन बसले. पुल्लम्माच्या मुलाचं नाव विचारलं. तिला माहीत नव्हतं. मग मी म्हणाले, "मावशी, पोलिसांना बोलवा. मी खरं ते सांगते."

खरं टिकतं असं मला वाटत होतं. पुस्तकातले सगळे नियम पाठ असणारी बाई मी.

ठाण्यातल्या साहेबांनी मला आधी पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, मस्कतपासून फोटोंपर्यंत. मग त्याला विचारलं. योगीराजनं खिसे उलटे करून दाखवले. खरंच दाखवले. "साहेब, माझ्याकडं तर लायसनच नाही. मी गाडी कशी चालवीन? हिलाच हौस. मीच ड्रायव्हिंग स्कूलला घातलं, बायको आहे म्हणून. सांगून ठेवलं होतं, सावकाश चालव." आणि तो रडला. माझ्यासमोर, माझी दया येऊन रडावं तसा. शिवाप्पाला फोन लावला. तो म्हणाला, हो, अक्काच नेते गाडी, अकरा वेळा नेली. ॲप ज्या सिमवर होतं ते सिमही माझ्या नावाचं निघालं. त्या गुरुवारी माझं नाव गाडीत होतं, माझा फोटो होता, माझं सिम होतं. मी तेवढी घरी होते.

शेवटी तानूबाईला विचारलं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "हीच. खरं साहेब, वाईट बाई नाही ही. मांडीवर घेतलं होतं तिनं."

मी घरी होते. यशूला आदल्या दिवशी लस टोचलेली, अंग तापलेलं. तिला पोटाशी घेऊन दोन ते चार झोपले होते. झोपेचं मात्र काय सांगावं? रत्नाबाई नेमक्या त्या दिवशी राजाजीनगरला लेकीकडं गेलेल्या. मी घरी होते ह्याला साक्षीदार एकच, आणि तिला अजून बोलता येत नाही.

*

रत्नाबाईंच्या यजमानांनी, पद्माकर काकांनी जामीन दिला. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले, शब्दाला वजन असलेले गृहस्थ. वाटेत एकही प्रश्न विचारला नाही, घरी आल्यावर नुसतं म्हणाले, "पोरी, आधी जेव." योगीराज महिन्याच्या आत मस्कतला गेला. तिकडं म्हणे त्याचं लायसन अजून चालू आहे. तारीख लागली की मी एकटी जाते, यशूला कडेवर घेऊन. वकील सांगतात, धीर धरा. मी धरते. यशू माझ्याजवळ आहे, तेवढं पुरे, असं मी परवापर्यंत म्हणत होते.

परवा दुपारची गोष्ट. यशूला झोपवलं, दार पुढं ओढलं, आणि चादरींची बादली घेऊन गच्चीवर गेले. ऊन चांगलं होतं. वरून हवाई दलाची विमानं घिरट्या घालत होती, एकसारखी, त्यामुळं खालचं काही ऐकू येत नव्हतं. चार चादरी, दोन पातळं, तिची झबली. अर्धा तास तरी लागला असेल.

रिकामी बादली घेऊन खाली आले, तर रत्नाबाई त्यांच्या उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "झोपली का एकदाची?"

"केव्हाच झोपली की."

"नाही गं, आत्ता उठून रडली होती जरा. पण तू छान गप्प केलीस हं." त्या हसल्या. "भिंतीतून सगळं ऐकू येतं. किती गोड गळा आहे तुझा, कधी कळू दिलं नाहीस. पूर्वी आमच्या शेजारी एक तेलुगू कुटुंब होतं, त्यांची सून अस्संच गायची बाळाला. तू तेलुगू कधी शिकलीस गं, अश्लेषा?"

माझ्या हातातली बादली मी खाली ठेवू शकले नाही. दार जसं ओढलं होतं तसंच होतं. मी बोटानं ढकललं.

आत कोणी नव्हतं. यशू चटईवर पालथी झोपली होती, तोंड भिंतीकडं. आणि तिच्या पाठीवरचं झबलं दबत होतं, सुटत होतं, पुन्हा दबत होतं... हळूहळू, थोपटताना दबतं तसं.